बिगरनिवासी शनिवार

नोटीस आली तेव्हा ताई डाळिंब्या सोलत होती. मी ती मोठ्याने वाचून दाखवली. आमच्याकडे सरकारी कागद मोठ्यानेच वाचतात, त्याने त्यांचा दरारा निम्मा उतरतो. ‘सदर मिळकतीचा वापर बिगरनिवासी स्वरूपाचा आढळून आल्याने करपात्र रक्कम सुधारित करण्यात येत आहे.’ खाली वापराच्या रकान्यात दोनच शब्द होते: शिकवणी वर्ग.

ताईने डाळिंबी बोटांत धरूनच विचारलं, “कुणाचे?”

“तुझे.”

“मी कुठे वर्ग घेते?”

“शनिवारी.”

ती पुन्हा डाळिंब्यांकडे वळली. रागावली की ती कामाचा वेग वाढवते.

नारायण पेठेतल्या या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं भावंडं राहतो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं. ताई माझ्याहून मोठी. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाली, लग्न केलं नाही. माझी बायको गेल्यावर ती इथे आली, ती ‘तुला भाजी नीट निवडता येत नाही’ या कारणासाठी. खरं कारण आम्ही दोघांनीही कधी काढलं नाही. घर दोघांच्या नावावर आहे. बाहेरची खोली मात्र शनिवारी दुपारी तिच्या एकटीच्या ताब्यात असते.

शनिवारी तिच्याकडे बायका स्तोत्रांची संथा घ्यायला येतात. संथा म्हणजे तिने एक चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी तो तसाच्या तसा दोनदा म्हणायचा. एक श्वास इकडेतिकडे झाला की पुन्हा. माझा देवाशी फारसा परिचय नाही, त्यामुळे या वेळात मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसतो. पण उच्चारांच्या बाबतीत ताई जे करते त्याला मी कारागिरी म्हणेन. शाळेत तिला चाळीस मिनिटांचा तास मिळायचा आणि अभ्यासक्रम संपवायचा असायचा. आता तिला काही संपवायचं नसतं. आठवड्यातल्या बाकीच्या दिवशी ती सत्तरी उलटलेली बाई असते, गुडघे धरून उठणारी. शनिवारी ती उठताना कशालाच धरत नाही.

कर कचेरीच्या निरीक्षकाची चूक कशी झाली हे शोधायला मला फार डोकं लढवावं लागलं नाही. या पदाला ‘पेठ निरीक्षक’ म्हणतात. ऐकलं की पागोटं घातलेला घोडेस्वार डोळ्यांसमोर येतो, प्रत्यक्षात माणूस दुचाकीवरून येतो. ते शनिवारी दुपारी जिना चढून आले असणार. दारात चपलांचा ढीग. आतून एक आवाज पुढे आणि दहाबारा आवाज मागे. आणि दारावर ताईच्या वळणदार अक्षरातली पाटी: ‘संथा चालू असताना बेल वाजवू नये. उशिरा येणाऱ्यांनी बाहेर थांबावे.’ ही पाटी वाचून त्यांनी बेल वाजवली नाही. बाहेर थांबले, चपला पाहिल्या, आवाज ऐकला आणि पाटीला मान देऊन निघून गेले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही शिकवणी वर्गच लिहिलं असतं.

यातली मेख पैशांपेक्षा वेगळी होती. कचेरी प्रत्येक घराला एक मनातलं भाडं लावते. म्हणजे हे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला काय आलं असतं, याचा अंदाज, आणि त्यावर कर. राहत्या घराला एक दर, धंद्याला दुसरा, बराच चढा. तो भरून आम्ही गप्प बसलो असतो, तर निवासी इमारतीत वर्ग चालवतो हे आम्ही कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि सोसायटीला शनिवार बंद पाडायला कारण मिळालं असतं. आणि ते आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना हवंच होतं असं नाही, पण चाललं असतं.

अध्यक्ष त्याच संध्याकाळी आले. चार मजल्यांच्या इमारतीचं अध्यक्षपद हे गृहस्थ एखाद्या संस्थानासारखं सांभाळतात. पार्किंगमध्ये नवा दिवा लावला तरी त्याचं उद्घाटन होतं.

“ताई, माझं ऐका,” खुर्चीत टेकत ते म्हणाले. “एक ओळ लिहून द्या. सदर उपक्रम बंद केला आहे. मी स्वतः साहेबांच्या कानावर घालतो. विषय संपला.”

“कोणता उपक्रम?” ताईने विचारलं.

“हेच, आपलं शनिवारचं.”

“त्याला उपक्रम म्हणतात होय. मला माहीत नव्हतं.”

“अहो, देवळाच्या सभागृहात घ्या ना. पंखे आहेत, माइक आहे.”

“माइकवर संथा होत नाही. चूक ऐकू येत नाही.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. पुरुषाने पुरुषाला समजून घ्यावं अशी ती नजर होती. मी म्हणालो, “चहा घेणार का? नसाल घेणार तर आम्ही टाकत नाही.”

ते गेल्यावर ताई म्हणाली, “बंद केलं असं लिहायचं, तर चालू होतं असं आधी मान्य करायला हवं. मी वर्ग चालवलेलाच नाही. मी बंद काय करू?” वाक्य अगदी शांतपणे आलं, पण तिने हात पदराला उगाचच पुसले. शनिवार गेला तर तिच्या आठवड्यात काय उरेल, याचा विचार आम्ही दोघांनी एकाच वेळी केला असावा. मी कागद ओढला आणि हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. मला विजयाची खात्री होती. चाळीस वर्षं प्राध्यापकांकडून पुस्तकं परत मिळवलेल्या माणसाला एक कर कचेरी जड जाऊ नये.

सुनावणीला आम्ही दोघं गेलो. अधिकारी तरुण होते, टेबलावर काच, काचेखाली देव. त्यांनी अर्ज वाचला.

“आपण लिहिलंय, या वेळात आपल्याला आतल्या खोलीत बसावं लागतं.”

“हो. दुकान असतं तर गल्ल्यावर बसलो असतो.”

ते किंचित हसले. “फी घेत नाही?”

“नाही,” मी म्हणालो.

“कुठल्याही स्वरूपात मोबदला?”

“नाही.”

“थांब,” ताई म्हणाली. “नारळ मिळतो.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने नाही पाहिलं. ती अधिकाऱ्यांना सांगत होती, “गुरुपौर्णिमेला प्रत्येक बाई एक नारळ देते. विचारलंत म्हणून सांगितलं.”

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. जन्मभर उत्तरपत्रिकेत अर्धा गुण कापणाऱ्या बाईलाच हे सुचू शकतं. जिंकत आलेला खटला तिने एका नारळावर आणून ठेवला.

“त्या नारळांचं काय करता?”

“वड्या. पुढच्या शनिवारी सगळ्यांना वाटते.”

“म्हणजे परत जातात.”

“खोबरं जातं. करवंट्या आमच्याकडे राहतात.”

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. “फेरपाहणी लावतो,” ते म्हणाले. “शनिवारीच लावतो.”

बाहेर येऊन मी रिक्षा थांबवली. मग म्हणालो, “करवंट्यांची काय गरज होती?”

“खोटं नव्हतं ना?”

“नाही.”

“मग झालं.”

फेरपाहणीच्या शनिवारी अध्यक्ष सकाळीच येऊन सुचवून गेले, की चपला आत घ्या आणि बायकांना हळू म्हणायला सांगा. ताईने चपला बाहेरच ठेवायला लावल्या, आणि त्या दिवशी नेमकं अवघड स्तोत्र काढलं. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलो आणि एकच पान वाचत राहिलो. बेल काही वाजेना. कुणी येणारच नाही असं वाटायला लागलं. संथा संपली, कुणीतरी दार उघडलं, तर पेठ निरीक्षक जिन्याच्या कठड्याला टेकून उभे. बूट काढून चपलांच्या शेजारी नीट जोडून ठेवलेले. पायात मोजे.

“अहो, बेल का नाही वाजवलीत?” ताई म्हणाली.

“वाजवू नये लिहिलंय.”

“ते संथेला येणाऱ्यांसाठी. तुम्ही कामाला आलात.”

“तसं लिहिलेलं नाही,” ते म्हणाले.

ताईला हे उत्तर आवडलं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मुद्द्याला मुद्दा मिळाला की ती माणसाला खुर्ची देते. निरीक्षकांनी खुर्ची घेतली नाही. त्यांनी घर पाहिलं. फळा नाही, बाकं नाहीत. माझी खाट, खाटेखाली गरम पाण्याची पिशवी, ओट्यावर विरजण लावलेलं पातेलं, न्हाणीघरात वाळत घातलेलं माझं धोतर, ज्याची सोय मी करायला विसरलो होतो. मग त्यांनी बायकांना विचारलं, “फी किती देता?”

लोणी काळभोरहून येणाऱ्या बाई पायात चप्पल अडकवता अडकवता थांबल्या. “फी? दोन बस बदलून येते मी. वर फी बी भरायची का?”

“काहीच देत नाही?”

“मेथीची जुडी आणते कधीमधी. मळ्यातली हाय. ती बी ताई तोंड वाकडं करून घेतात, निवडायला यांचे भाऊ उपयोगाचे न्हाईत म्हनून.”

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून दुजोरा दिला. त्यांनी काहीतरी लिहिलं. नारळाचा विषय त्यांनी काढला नाही. ताई काढेल या भीतीने मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. निघताना ते बूट घालायला वाकले आणि म्हणाले, “मागच्या वेळी मी एवढंच पाहिलं होतं.” चपलांकडे बोट होतं. माफी म्हणून ते कमी नव्हतं.

निकाल पोस्टाने आला. वापर निवासी, करपात्र रक्कम पूर्वीप्रमाणे. मी मोठ्याने वाचला. ताई म्हणाली, “पुन्हा वाच,” आणि मी तो तसाच्या तसा पुन्हा वाचला.

त्या शनिवारी संथा रंगात आली असताना बेल वाजली. ताईच्या तोंडचा चरण अर्ध्यावर तुटला. तिच्याकडे असं कधी होत नाही. मी आतून बाहेर आलो तोवर तिने दार उघडलं होतं. दारात अध्यक्ष, मागे मोबाइल धरलेले चिटणीस. अध्यक्षांच्या हातात घडी न मोडलेली शाल आणि तिच्यावर नारळ.

“सोसायटीतर्फे छोटासा सत्कार,” ते म्हणाले. “शेवटी साहेबांशी बोललो होतोच मी.”

“पाटी वाचलीत?” ताईने विचारलं.

“अहो, आपण घरचेच.”

“कर कचेरीचे गृहस्थ दोनदा आले. दोन्ही वेळा बाहेर थांबले.”

अध्यक्षांनी शाल पुढे केली. ताईने ती घेतली नाही, पण दारही लावलं नाही. क्षणभर तिने नारळाकडे पाहिलं.

“शाल परत न्या, उन्हाळा आहे,” ती म्हणाली. “आणि नारळ तर नकोच. त्याचा जबाब द्यावा लागतो.”

मग ती जागेवर जाऊन बसली, कशालाही न धरता, आणि चरण पहिल्यापासून म्हणाली. बायकांनी तो दोनदा म्हटला. दार उघडंच होतं. अध्यक्ष आणि चिटणीस चपलांच्या पलीकडे उभे होते. मी त्यांना हाताने खूण केली, की थांबा, पाऊण तास आहे अजून.