काकू नीरजाशी बोलली

इरावती बनारसमध्येच जन्मली, वाढली. वडील दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा सांगत. घरात मराठी बोलत. त्यात हिंदी कधी मिसळे, कुणाच्या ध्यानातही येत नसे. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी स्वतंत्र संशोधन प्रकल्प करायचा होता, तेव्हा तिने हीच घरगुती मराठी विषय म्हणून निवडली.

वर्गातल्या नीरजानेही तोच विषय घेतला. नीरजा नागपूरची, वडिलांची रेल्वेत बदली झाली म्हणून इथे आलेली. "दोघी करा," मार्गदर्शक सुमंत सर म्हणाले, "पण पद्धत वेगळी हवी. आधी एकेक मुलाखत करून पाहा, मग आराखडा द्या."

इरावती हसली, पण आतून जळफळली. भाषा माझ्या घरची, आणि ही कोण?

ती फोन घेऊन घरातल्या पद्माकाकूसमोर बसली. "काकू, तू लग्न होऊन आलीस तेव्हा इथे कसं बोलायचे?"

"तुला काय सांगायचं? तुला तर सगळं मालूमच आहे. सरक, कुकर लावायचाय."

पुढच्या आठवड्यात नीरजा काकूची मुलाखत घ्यायला आली. काकूने तिला चहा दिला आणि दुपारभर बोलत बसली. साताऱ्याहून आल्यावर सासरचं बोलणं कळेना म्हणून ती कशी रडली, पहिल्यांदा 'भाजी खतम झाली' म्हणाली तेव्हा माहेरचे कसे हसले, सगळं सांगितलं. इरावती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. यातलं एक अक्षरही तिने आजवर ऐकलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" नीरजा गेल्यावर तिने विचारलं.

"अगं, तू घरचीच ना! घरच्यांना कोण सांगत बसतं?"

दोन दिवसांनी नीरजाने विचारलं, "पंचगंगा घाटावरच्या गोपीनाथशास्त्रींशी तुमची ओळख आहे ना? गाठ घालून देशील?"

"ते रामनगरला राहायला गेले," इरावती म्हणाली. शास्त्रीबुवा पंचगंगेवरच्या आपल्या घरीच होते.

नीरजा भर उन्हात नदीपलीकडे गेली. शास्त्री सापडले नाहीत, पण विचारत विचारत एक निवृत्त मराठी शिक्षिका सापडल्या, बोलायला आसुसलेल्या. "तुझ्यामुळे मिळाल्या गं!" नीरजाने इरावतीचे हात धरले. सरांनीही वर्गात नीरजाचं कौतुक केलं. इरावतीला लाज वाटली, आणि हेवा त्याहून जास्त.

घरी जेवताना काकू आणि बाबा मिठावरून भांडत होते, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. ऐकता ऐकता इरावतीचा घास हातातच राहिला. काकू आपल्याला काही सांगत नाही. पण आपल्यासमोर बोलते मात्र दिवसभर, आणि कधीच सावरून बोलत नाही.

"मी मुलाखती घेणार नाही," तिने सरांना सांगितलं. "सगळ्यांची परवानगी घेऊन घरातलं रोजचं बोलणं रेकॉर्ड करीन."

"हे नीरजाला जमणार नाही," सर म्हणाले.

हे एक वाक्य ती घरी पोचेपर्यंत मनात घोळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने नीरजाला गाठलं. "शास्त्रीबुवा पंचगंगेवरच राहतात. मी खोटं बोलले."

"का?"

"काकू तुझ्याशी बोलली म्हणून."

नीरजाने शास्त्रींचा पत्ता घेतला आणि निघून गेली. नंतर बरेच दिवस ती वर्गात इरावतीपासून लांब, दुसऱ्या बाकावर बसत होती.

दोघींचे आराखडे मंजूर झाले. विभागात वाखाणला गेला तो नीरजाचाच. ते इरावतीच्या मनाला लागलं, चांगलंच लागलं. पण तोवर तिचं रेकॉर्डिंग सुरू झालं होतं, आणि ते थांबवावं असं तिला वाटलं नाही.