दर्यापूर रस्त्यावरचे पिंजरे

बडनेऱ्याला उतरलो तेव्हाच मनात पाल चुकचुकत होती. कायदा शिकवून निवृत्त झालेला मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या, प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीवर बाहेरचा सभासद आहे. चिंपांझीसारख्या मोठ्या वानरांवर प्रयोग करायला कित्येक देशांत मनाई झाली. आपल्या लाल तोंडाच्या माकडांचं नशीब तेवढं थोर नाही. त्यांच्यासाठी नियम एवढाच, की रानातली पकडायची नाहीत, पैदास केंद्रात जन्मलेलीच घ्यायची. आमच्यासाठी निवडलेली माकडं दर्यापूर रस्त्यावरच्या केंद्रात जन्मली, असं केंद्रवाले सांगत होते. त्यांनी पाठवलेल्या फोटोंवरून मला ते पटेना, म्हणून होकार अडवून मी स्वतःच निघालो.

अमरावतीत तर्री (तिखट रस्सा) ओतलेला आलुबोंडा खाल्ला आणि डोळे पुसत काळीपिवळीत (भाड्याच्या जीपमध्ये) बसलो. दोन्हीकडे कपाशी. शेजारी बसलेल्या सुमनबाईंनी नाव सांगून उलटतपासणी सुरू केली.

"कुठी चालले जी?"

"माकडांच्या केंद्रात."

त्यांनी पिशवी जवळ ओढली. "तुमीच नेता का आमचे माकडं? शनवारी मारोतीच्या देवळात फुटाने घेऊन जातो मी, तं आता कोनी खाले येतच नाई." वऱ्हाडात बायाही 'जातो'च म्हणतात.

मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. "मंग मीबी येतो," म्हणाल्या.

केंद्राचा व्यवस्थापक फार गोड बोलला. चहा, बिस्किटं, पुन्हा चहा. इतकं आदरातिथ्य झालं की माझा संशय दुणावतो.

"सगळी इथलीच पैदास, सर. बाहेरचं जग त्यांनी पाहिलेलंच नाही."

आम्हाला पाहून माकडं पिंजऱ्यात मागे सरकली. एक म्हातारी माकडीण तेवढी पुढे आली. जाळीतून हात काढून तिने सुमनबाईंचा पदर ओढला, टोकाची गाठ चाचपली आणि नखांनी झटक्यात सोडली. फुटाणे फरशीवर सांडले.

"गावात आमी साऱ्या बाया पदराले गाठ मारूनच फुटाने नेतो," सुमनबाई म्हणाल्या. "तिले सोडाची सवय हाये."

"हुशार असतात, सर," व्यवस्थापक म्हणाला.

"पिंजऱ्यात पदर कुणाचा असतो?" मी विचारलं. तो चहाचं बघायला निघून गेला.

बाहेर रस्त्यावर मी ऐटीत सांगितलं, "ती सुटेल. रानातलं माकड नेता येत नाही."

"अन् बाकीचे?"

"इथे जन्मली असतील तर नियमात बसतात."

"म्हंजे इथं जल्मलं त्याले सुई टोचली तं दुखत नाई काय?"

जीप येईपर्यंत मी कपाशीकडे बघत उभा राहिलो. मला फार लाज वाटली.

पुण्याला परतून मी तक्रार केली. चौकशी झाली आणि माकडिणीसह गावातून धरलेली माकडं परत सोडली. बाकीची मात्र खरोखरच केंद्रात जन्मलेली निघाली. आयुष्यभर माणसांवर संशय घेतला, कायद्यावर घ्यावा असं कधी सुचलं नव्हतं. आता सुचलं, पण नकार द्यायला एकही कलम सापडेना. ती माकडं पुण्यात आली आहेत. होकारावर सही माझी आहे.