शिडी धरणारी

लोकांना घरगाडी हवी असते ती मिरवायला. मोटारीच्या मागे जोडायची, कुठल्याशा झाडाखाली नेऊन उभी करायची, आत पलंग, शेगडी, फुलाफुलांचे पडदे. चाकं पुसतील, काचा लखलखीत करतील, पण टपाकडे मान वर करून बघतील तर शपथ! पाणी थेट उशीवर टपकलं की मग धावत सुटायचं गावाबाहेरच्या त्या आवारात, आणि टपकाकांच्या नावाने हाका मारायच्या.

टपकाका हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांच्या टपांवर गेलं, मग दुसरं काय नाव पडणार? आवारात गाड्या रांगेने उभ्या असत, मधून खडीचे रस्ते, एका टोकाला पाण्याचा नळ. एक माणूस चाकं बघायचा, त्याला सगळे चाकवाला म्हणत. टपं काकांची.

टपावर उभं राहायचं नाही, हा काकांचा पहिला कायदा. वरून पत्रा भक्कम दिसतो, पण आत पातळ फळी आणि पोकळी. पाय पडला चुकीच्या जागी की गेलाच आत. म्हणून ते पत्र्याखालच्या आडव्या दांड्यांवर येतील अशा दोन रुंद फळ्या टाकत आणि त्यांच्यावरून रांगत. दव वाळेपर्यंत शिडीला हात लावायचा नाही. टपातल्या झरोक्याभोवतीच्या फटी बुजवणारं, वाळून तडकलेलं सीलंट प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडायचं, लोखंडाच्या नाही, नाहीतर पत्र्यावर ओरखडे. जागा पुसून कोरडी करायची, नवीन सीलंट सोडायचं, आणि काम करत करत शिडीच्या दिशेने मागे यायचं. हे सगळं गुडघ्यांवर. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, काकांनी तो मंजूर केला नव्हता इतकंच.

शिडीचं वरचं टोक टपाच्या कडीला दोरीने बांधायचं, ही साधी रीत. आवारात सगळे तसंच करत. काका नाही करायचे. त्यांची शिडी काकू धरायच्या.

त्याचं असं झालं. पूर्वी शिडीला एक रोजाचा माणूस असे. एकदा त्याचा फोन वाजला, याने शिडी सोडली आणि निघाला गप्पा मारत. काका उतरायला लागले, शिडी खडीवरून सरकली, आणि काका हात मोडून घेऊन घरी आले. हात बरा होऊन ते परत कामाला निघाले त्या सकाळी काकूंनी घराला कुलूप लावलं आणि मागोमाग आवारात हजर. "मी धरते. बघते कशी सरकते ती!" तेव्हापासून खालच्या पायरीवर एक पाय, दोन्ही हात घट्ट, मान वर. काका वरून विचारत, "आहेस?" काकू म्हणत, "आहे." उतरायच्या आधी पुन्हा तेच. चाकवाला थट्टा करायचा, "काकू, एकदा 'नाही' म्हणून बघा हो, गंमत येईल!" काकू हसायच्या. काका मात्र चिडायचे. दोरी बांधा म्हणून कुणी सांगितलं तर म्हणत, "दोरीला विचारलं तर ती उत्तर देते का?"

आणि आता काकू विसरायला लागल्या होत्या.

आधी चहात मीठ. मग किल्ल्या पिठाच्या डब्यात. मग एकदा बाजारातून येताना स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, काका शोधत आले तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं आलात, इथे कुठे राहायचो हो आपण?" काकांनी त्यांना हाताला धरून घरी आणलं. पण बोलायचं कुणापाशी? दुसऱ्या गावातल्या लेकीला शंका आली होती. तिचा फोन आला की आईला काही विचारायच्या आत बाबाच उत्तर देत. जेवली, झोपली, छान आहे, आता कामात आहे. लेक म्हणायची, "बाबा, मी येऊन घेऊन जाते तिला. इथे मोठे डॉक्टर आहेत, काही दिवस राहू दे माझ्याकडे." काका एकच सांगायचे, "वय झालं, होतं असं. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

खरी गोष्ट अशी की त्यांना भीती वाटत होती. गेली तर परत येणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मग त्या घरात एकट्याने करायचं काय? म्हणून सगळं ते स्वतःच ओढत होते. सकाळी उठून स्वयंपाक, तिचं आवरणं, हरवलेल्या वस्तू शोधणं, मग तिला हाताला धरून आवारात, मग टपं. नाकी नऊ आले होते. संध्याकाळी खुर्चीत बसले की बूट काढणंसुद्धा जिवावर यायचं. पण शिडीपाशी काकू अजून चुकत नव्हत्या. तेवढं एक शाबूत होतं, आणि तेवढ्यावर काका स्वतःची समजूत घालत होते.

त्या दिवशी एका कुटुंबाची गाडी होती. दुपारी सहलीला निघायचं होतं आणि झरोक्याशी गळती सापडलेली, म्हणजे नेहमीसारखी घाई. काका दव वाळायची वाट बघत बसले, गाडीचा मालक डोळे वटारत राहिला. मग ते चढले. जुनं खरवडलं, पुसलं. "आहेस?" "आहे." नवीन सीलंट सोडून बोटाने दाबत दाबत मागे सरकले, सीलंटची गन बाजूला ठेवली आणि उतरायच्या आधी पुन्हा विचारलं.

"आहे!" आवाज आला. पण मागून.

काकांनी मान वळवली. खाली शिडीपाशी कुणीच नव्हतं. पलीकडच्या रांगेत तशाच पांढऱ्या गाडीला कुणीतरी शिडी लावून ठेवली होती. काकू ती धरून उभ्या होत्या. नळावर पाणी प्यायला गेल्या असणार आणि परतताना रांग चुकल्या. खालच्या पायरीवर एक पाय, दोन्ही हात घट्ट, आणि मान वर, रिकाम्या टपाकडे.

"अगं, इकडे! मी इकडे आहे!"

काकूंनी आजूबाजूला पाहिलं आणि शिडी आणखी आवळून धरली. काकांनी चाकवाल्याला हाक मारली, तो पळत येऊन शिडीला उभा राहिला, तेव्हा ते कसेबसे उतरले आणि लंगडत पलीकडे गेले.

"चल, सोड आता. झालं काम."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. एखाद्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. "थांबा हो जरा," त्या म्हणाल्या, "आमचे हे वर आहेत."

"मीच आहे गं."

"शिडी सोडली की पडतात ते. एकदा पडलेत. तुमचं जे काही असेल ते नंतर बघू."

काकांनी त्यांचं एक बोट अलगद सोडवायचा प्रयत्न केला. काकू किंचाळल्या. "अहो, काय करता! जीव जाईल ना त्यांचा!" डोळ्यांतून घळाघळा पाणी. बोटं पांढरी पडलेली, किती वेळ धरून होत्या कोण जाणे.

काकांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "बाई, जरा बाजूला सरकता? मी वर जातो. तुमच्या ह्यांना खाली पाठवतो."

काकूंनी त्यांना खालीवर न्याहाळलं. "पाठवाल नक्की?"

"नक्की."

"मग सांभाळून जा. मी धरलीय."

काका चढले. दर पायरीला गुडघ्यातून कळ. वर फळ्या नव्हत्या, म्हणून ते कडेलाच पालथे पडले. करायला काहीही नव्हतं. थोडा पाचोळा होता, तो त्यांनी सवयीने हाताने लोटला. मग पत्र्याला गाल लावून ते रडले. खालून दिसत नव्हतं, एवढं बरं होतं. रडून झाल्यावर त्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि विचारलं, "आहेस?"

"आहे!" लगेच.

"उतरतो गं."

पाय जमिनीला लागले तेव्हा कुठे काकूंनी हात सोडले. वळून त्यांनी काकांना पाहिलं आणि चेहरा एकदम खुलला. "किती वेळ लावलात हो! माझा जीव टांगणीला. एक माणूस आला होता मघाशी, त्याला वर पाठवलं तुम्हाला बोलवायला. भेटला ना?"

"भेटला."

"चांगला होता बिचारा. पण अहो, फार दमलेला दिसत होता. त्याचं घरी कुणी बघत नाही का?"

काकांनी काकूंना बाकावर सावलीत बसवलं, त्यांचे आखडलेले तळवे आपल्या हातात घेऊन चोळले. मालक लांबून हाका मारत होता, त्याला चाकवाल्यानेच थांबवलं. मग काकांनी खिशातून फोन काढला आणि लेकीचा नंबर लावला.

"बाबा? आई कशी आहे?" तिने नेहमीसारखंच विचारलं.

काकांनी तोंड उघडलं. जेवली, झोपली, छान आहे, सगळं ओठांवर होतं.

"तू ये गं," ते म्हणाले. "आम्हाला दोघांना घेऊन जा. मी फार दमलोय."