ओल्या मातीची मूठ

सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते ते. नाव मी कधी विचारलंच नाही, आम्ही बायका त्यांना सुरीवाले म्हणायचो. सुट्टीच्या दिवशी घरामागं भट्टी पेटवून ते ज्याच्या-त्याच्या हाताजोगी सुरी करायचे. आधी ओल्या मातीचा गोळा हातात द्यायचे. "बघा, भाजी चिरायलाव असं समजून धरा." बोटं उमटली की गोळा भिंतीवर वाळत ठेवायचे आणि तो बघून बाभळीची मूठ घडवायचे. बोलणं लय सावकाश, दर वाक्याआधी "बघा" ठरलेलं.

त्या साली जिनिंग बंद पडणार अशी गावभर चर्चा होती. मी सुरी करून घ्यायला गेले, तर कामाचा दिवस असून हे भट्टीपुढं. नव्या पात्याची धार बघायला त्यांनी खुंटीवरचा कामाचा खाकी सदरा काढला आणि बाहीच कापली की हो.

"अवो, उद्या कामावर काय घालून जाताल?" त्यांची बायको म्हणाली.

"बघा, काढून टाकायची वाट बघण्यापरीस आपणच सुटलेलं बरं. आता रोज हेच करायचं."

"आन् खायचं काय? माती?"

त्यांनी ओल्या मातीचा गोळा माझ्या हातात दिला. तेवढ्यात जिनिंगचा भोंगा वाजला. बायकोनं त्यांच्याकडं पाहिलं, मीही पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

"बघा वैनी, इतकं घट्ट नका धरू. रोजचं काम हाय."

भिंतीवर माझ्या गोळ्याला जागाच नव्हती. बायको उठली आणि तिनंच बाकीचे गोळे सरकवून जागा केली.