पायी शाळेत गेल्याची गोष्ट

मला गोष्ट सांगता येते. एवढं एकच येतं म्हटलं तरी चालेल. गणित मी सुमार शिकवायचो, अक्षर तर असं की फळ्यावरून कोंबडी चालत गेली असं पोरं म्हणायची. पण गोष्ट सुरू केली की वर्ग चिडीचूप. भातकुली तालुक्यातल्या एका लहान गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापक म्हणजे काय, तर दोन शिक्षकांतला एक. पट अकरा. आता निवृत्त होऊन अमरावतीला राहतो आणि अधूनमधून अकोल्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणात बोलायला जातो. विषय ठरलेला, नेतृत्व आणि संवादात गोष्टीची ताकद. शाल, नारळ, टाळ्या. मी भाषण ठोकतो आणि घरी येऊन न जेवता पडून राहतो.

कारण ती ताकद काय करते हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

झालं असं, की आमची शाळा बंद करून पोरं साडेतीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावच्या शाळेत पाठवायची असं वरून ठरलं. त्यासाठी ग्रामसभेची संमती हवी होती. शिक्षण खात्याचे साहेब मला म्हणाले, तुमचा शब्द लोक ऐकतात, तुम्हीच समजावा. मला तेव्हाच ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं उरली होती, घराजवळ बदली हवी होती, आणि खरं सांगायचं तर माझा शब्द लोक ऐकतात हे ऐकून मी फुगलोही होतो. माणूस असा हलकट असतो.

सभा मारुतीच्या देवळापुढे भरली. लोक भडकलेले होते. मधे नाला आहे, पावसाळ्यात काळ्या मातीतून मोठ्या माणसाचा पाय निघत नाही, पोरी कशा जातील, असं बायांनी तोंडावर विचारलं. त्यांचं बरोबर होतं. मी उठलो आणि गोष्ट सुरू केली. म्हणालो, माझं गाव मूर्तिजापूरकडचं. गावात शाळा नव्हती. छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेकडेनं मी रोज आठ किलोमीटर पायी शाळेत जायचो. पावसात दप्तर डोक्यावर, चप्पल हातात. एकदा सापावर पाय पडता पडता राहिला. साप ऐनवेळी सुचला.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला कुणीतरी हुंकार द्यायचा असतो. सांगणारा वाक्य संपवतो, ऐकणारा ‘हो’ म्हणतो, मग पुढचं वाक्य. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, म्हणून एक जण ते काम आपल्याकडे घेतोच. त्या दिवशी ते घेतलं एका पोरीच्या बापानं. त्याची पोरगी तिसरीत होती, माझ्या अकरांत सगळ्यात हुशार. पाढे तर अशी म्हणायची की मलाच पुस्तक उघडून बघावं लागे. बाप पुढ्यात मांडी घालून बसलेला, डोळे माझ्यावर, प्रत्येक वाक्याला ‘हो’. शेवटी मी म्हणालो, मी चाललो म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे, तुमची लेकरंही चालतील. तो म्हणाला, ‘हो.’

ग्रामसेवकानं मान खाली घालून लिहिलं, सर्वानुमते मंजूर. हात कुणी वर केले नव्हते. सह्या हजेरीच्या म्हणून आधीच घेतलेल्या होत्या. तो ‘हो’ गोष्टीला होता, ठरावाला नव्हता, हे त्या सभेत मला जितकं कळत होतं तितकं कुणालाच नाही. सभेला बाहेरून आलेल्या साहेबांना ते कळायचं कारण नव्हतं. मी वहीकडे पाहिलं आणि गप्प बसलो. लोक डोळे पुसत घरी गेले. दोघांनी माझे पाय धरले.

आणि मी शाळेत पायी कधी गेलोच नव्हतो. माझा बाप सायकलवर मूर्तिजापूरला दूध घालायचा. मागे कॅन, पुढे दांड्यावर मी. दांडा टोचू नये म्हणून तो आपला खांद्यावरचा दुपट्टा घडी करून खाली घालायचा. पाऊस लागला की तोच दुपट्टा माझ्या डोक्यावर. सातवीपर्यंत असा गेलो, पुढे वसतिगृहात. गोष्ट जमावी म्हणून मी बापाला तिच्यातून काढून टाकलं. लाज वाटते लिहिताना.

वर्षभर एक गाडी पोरांना न्यायला आली, मग येईनाशी झाली. पोरग्यांना सायकली मिळाल्या, पोरी एकेक करून घरी बसल्या. मला बदली मिळाली होती, हे सगळं कानावर येत होतं, मी तिकडे फिरकलो नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या गावात एका लग्नाला गेलो, तेव्हा त्या बापानं हात धरून घरी नेलं. खुर्ची, चहा, सगळं आदरानं. पोरगी शेतातून आली. आता चौदा वर्षांची, कापूस वेचून बोटं चिरलेली. मी विचारलं कितवीत आहेस. सहावीतच सुटली, बापानं सांगितलं. बरोबरच्या पोरी बंद झाल्या, एकटी जायची, एकदा नाल्यात पडून पुस्तकं भिजवून आली, मग रोज सकाळी पोट दुखायला लागलं.

“मी तिले तुमचीच गोष्ट सांगो, सर,” तो म्हणाला. “सर आठ किलोमीटर पायी गेले, तुले साडेतीन होत नाही? हिच्यात दमच नाही.”

रोज सांगायचा म्हणे. मारायचा नाही, फक्त गोष्ट सांगायचा. ती भिंतीला टेकून ऐकत होती, पुष्कळदा ऐकलेलं ऐकावं तशी.

हातातला कप खाली ठेवला. मी म्हणालो, “ते खोटं होतं. मी पायी गेलो नाही. माझा बाप मला सायकलवर न्यायचा.”

तो हसला. अगदी मायेनं हसला. म्हणाला, “तिचं मन राखून राहिले ना सर? तुमी काहून खोटं बोलसान.”

मी पुन्हा सांगितलं. दुधाचे कॅन, दांडा, दुपट्टा, सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा माझी गोष्ट कुणाला पटेना. शेवटी तो उठला आणि सुपारी आणायला आत गेला.

पोरगी तिथंच उभी होती. तिला पटलं होतं, तोंडावर दिसत होतं. ती हळू आवाजात म्हणाली, “तवाच सांगाचं होतं, सर. मले वाटे माह्यातच काही कमी हाय.”