मनीषाचं खरं वय

मुकादमानं माझ्या दंडाला धरून मला उठवलं. मी ग्रामपंचायतीच्या दाराशी, चपलांजवळ बसलो होतो. खोलीत गावातली बरीच माणसं होती आणि टेबलामागं तालुक्याहून आलेले साहेब. मुकादमानं मला त्यांच्यापुढं उभं केलं, बाजारात जनावर उभं करतात तसं. पाठीवर थाप मारली.

"सायेब, ह्यो आमचा जन्मदाखला. चालताबोलता. इचारा काय इचारायचं ते."

माणसं हसली. साहेबही हसले. आणि मीही हसलो.

साहेबांच्या डोक्यामागं भिंतीवर रंगानं लिहिलं होतं, ग्राम बाल संरक्षण समिती. खाली नावं. त्यात माझंही नाव होतं. वस्तीतला एक म्हातारा घ्यायचाच असतो म्हणून मला घेतलं होतं. समितीची बैठक कधी होते हे मला कुणी सांगत नसे. त्या दिवशी मात्र मोटरसायकल पाठवून बोलावलं.

आमच्या वस्तीतल्या मनीषाचं लग्न ठरलं होतं. कुणीतरी फोन करून कळवलं की पोरगी लहान आहे. म्हणून साहेब आले होते.

आमची वस्ती ऊस तोडणाऱ्यांची. दिवाळीच्या आगंमागं ट्रॅक्टर येतात, भांडीकुंडी, शेरडं, पोरं सगळं भरून माणसं जातात. मागं म्हातारी राहतात आणि कुत्री. बायका तिकडंच, उसाच्या पाचटाच्या कोपीत बाळंत होतात. तिथं नोंद कोण करणार? परत आल्यावर शाळेत नाव घालायची वेळ आली की गुरुजी अंदाजानं एक जून लिहितात. आमच्या निम्म्या वस्तीचा जन्म एक जूनचा आहे.

मग वय कळायचं कसं? मला विचारून. माझा सगळा जन्म उसाच्या फडात गेला. लिहिणं मला फार येत नाही, पण हंगाम मी विसरत नाही. कोणत्या हंगामात कोणत्या कारखान्याला होतो, कुणाची कोपी जळली, कुणाला साप चावला, सगळं ध्यानात आहे. माणसं यायची, म्हणायची, आबा, आमचं थोरलं कवाचं? मी सांगायचो. चुकायचो नाही. एवढा एकच मान मला आयुष्यात होता.

मनीषा जन्मली तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. कारखान्याच्या फाटकाशी माझा पांढरा बैल भरल्या गाडीसकट घसरला आणि उठलाच नाही. मी कोपीवर आलो तो रडतच आलो. बायको फडातली बाळंतपणं करायची; ती समोरच्या कोपीतून बाहेर आली, कोपरापर्यंत हात रक्तानं भरलेले. म्हणाली, पोरगी झाली. मी म्हणालो, माझा बैल मेला. ती म्हणाली, मग रडा तिकडं लांब बसून, इथं लेकरू झालंय.

तो हंगाम. त्यात शंका नव्हती. त्या हिशोबानं, साहेब समोर बसले होते तेव्हा मनीषा चौदाची होती.

सकाळीच मुकादमानं मला शिकवून ठेवलं होतं. फार काही नाही, चार हंगाम मागं सरकायचं. पोरगी बैल मरायच्या आधीची म्हणायचं. माझा मुलगा त्याच्याच टोळीत होता. पण खरं सांगतो, नुसती भीती नव्हती. त्यानं मला आप्पा म्हटलं. आपल्या ओट्यावर बसवलं, कपात चहा दिला. आजवर त्या घरी मी चहा खाली अंगणात बसून, हातावर फडकं धरून पितळीतनं प्यायलो होतो.

साहेबांनी विचारलं, "बाबा, मुलगी कधीची?"

मी म्हणालो, "माजा पांढरा बैल मेला त्याच्या चार साल आधीची, सायेब. अठरा भरल्यात."

शाळेतला दाखला वेगळं सांगत होता. मुकादम म्हणाला, शाळेचं काय घेऊन बसलात, शाळेच्या हिशोबानं तर मी आणि माझी म्हैस एकाच दिवशी जन्मलो. पुन्हा सगळे हसले. साहेबांनी माझा जबाब घेतला आणि उन्हं कलायच्या आत निघून गेले. आठवड्यात लग्न लागलं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढी घाई कशाची? आमच्या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादमाला नको असतो. हंगाम तोंडावर आला की अर्ध्यांचे पूर्ण करायची धांदल सुरू होते. आईबापही तयार होतात. ते पोरीचे वैरी नसतात. सहा महिने रिकाम्या वस्तीत वयात आलेली पोर आंधळ्या म्हातारीच्या भरवशावर ठेवायची, आणि गावातल्या मोटरसायकली दारावरून फिरणार, हे त्यांना माहीत असतं. नवऱ्याबरोबर डोळ्यासमोर तरी राहील, असा त्यांचा विचार. माझ्या जबाबानं त्यांनाही बरंच वाटलं होतं. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाही.

त्या दिवसापासून गावात माझं नाव जन्मदाखला पडलं. पारावरून पोरं हाक मारायची, "ए दाखल्या, माजं वय सांग की बे." आणि मनीषा एकटी नव्हती. एकदा रस्ता पडला की माणसं त्यावरून येत राहतात. मी आणखी पोरींचे हंगाम मागं सरकवले. माझ्या बायकोनं त्यातल्या बहुतेकींची नाळ कापली होती. ती एकदाच बोलली, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता.

"हात माजे हुते. तुमची जीभ कुणाची हाय?"

मी जेवून उठलो.

मनीषा गेल्या वर्षी माहेरी आली. एकोणीस वर्षांची. अंगणात बाजेवर बसली तेव्हा मला वाटलं, तिची आजीच बसली आहे. दोन बाळंतपणं फडात झाली होती, त्यातलं एक लेकरू जगलं नाही. दर महिन्याचा त्रास नको, काम बुडायला नको, म्हणून गर्भाची पिशवी काढली होती. मोळी डोक्यावर घेऊन ती ट्रॅक्टरच्या फळीवर चढायची ते आता जमेना, म्हणून माहेरी पाठवली.

मी सावलीनं सावलीनं निघालो होतो. तिनंच हाक मारली. आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

"आबा, दवाखान्यात डाक्टरीणबाई वय इचारत हुती. मी सांगितलं तेवीस. तर ती म्हनली, खरं सांग. मला सांगता आलं न्हाई. आई म्हनती, आबाला इचार. माजं खरं वय किती, आबा?"

तिला खरंच माहीत नव्हतं. ती मला टोचत नव्हती. वस्तीत सगळे विचारतात तसं विचारत होती.

मी सांगितलं. एकोणीस. पांढऱ्या बैलाचा दिवस सांगितला, रक्तानं भरलेले हात सांगितले, मुकादमाचा चहाही सांगितला. ती ऐकत राहिली. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "म्हंजे पिशवी काढली तवा मी अठरा."

एवढंच. पदरानं तोंड पुसून ती आत गेली.

त्याच अंगणात तिची धाकटी बहीण पूजा वही मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सगळं ऐकलं. पूजा तेव्हा तेराची.

या वर्षी पोळा झाला आणि पूजाची बोलणी सुरू झाली. मुकादमाच्या टोळीतला एक अर्धा कोयता होता. पुन्हा कुणीतरी फोन केला. कुणी, ते मला आता माहीत आहे. माझ्या बायकोनं. पुन्हा मोटरसायकल आली. या खेपेला मी गेलो तो चालत. मुकादम ओट्यावर चहा घेऊन थांबला होता. तसाच थांबला.

ग्रामपंचायतीत या वेळी मॅडम होत्या. मुकादमानं तेच वाक्य म्हटलं, तीच थाप मारायला हात उचलला. मी बाजूला झालो. हात हवेत राहिला. खोलीत कुणी हसलं नाही.

मी म्हणालो, "मॅडम, पूजा चौदाची हाय. ती झाली त्याच हंगामात मी कोयता खाली ठिवला. आन् तिच्या बहिनीचं मी खोटं सांगितलंतं. तिलाबी चौदावंच हुतं. लिवून घ्या."

मुकादम हळू आवाजात म्हणाला, "म्हातारा भरकटलाय. वय झालंय त्याचं."

"माजंबी वय मीच सांगतो," मी म्हणालो. "शुद्धीत हाय."

पूजाचा बाप खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, मग पोर ठेवू कुठं? तुम्ही सगळे घरी जाल, आणि तिची आजी डोळ्यांनी अधू. हा प्रश्न खरा होता. माझ्या समितीत आजवर तो कुणी विचारलाच नव्हता. मॅडम म्हणाल्या, पोर आजीजवळ राहू शकते, त्यासाठी सरकारी मदत मिळते, पण जवळचं कुणीतरी जबाबदार माणूस हवं. बाप माझ्याकडं बघत होता. मी सांगितलं, पूजा आणि तिची आजी दोघी आमच्या घरात झोपतील. शाळेत सोडणं-आणणं माझ्याकडं. आधी त्याला पटेना. खोटं सांगणाऱ्याच्या हाती पोर कशी द्यावी, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. बरोबर म्हणाला. शेवटी दाराशी उभी असलेली मनीषा पुढं आली, बापाकडं वळली. म्हणाली, "दादा, माजं झालं ते झालं. हिला ऱ्हाऊ द्या."

लग्न मोडलं. ट्रॅक्टर गेले. माझ्या मुलाला मुकादमानं टोळीत घेतलं नाही, तो गवंड्याच्या हाताखाली सिरसाळ्याला जातो आणि माझ्याशी बोलत नाही.

जायच्या आदल्या दिवशी मुकादम आमच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. पूजा भांडी घासत होती, तिच्याकडं बघून मला म्हणाला, "हंगाम लई लांब असतो, म्हाताऱ्या. वस्ती रिकामी. तू किती दिस पुरशील?"

तेव्हापासून एक मोटरसायकल दुपारची वस्तीत येते. दोघं असतात. आमच्या दारापुढं वेग कमी होतो. थांबत नाहीत. परवा पूजाच्या शाळेच्या वाटेवर लिंबाखाली तीच गाडी उभी होती. आम्ही जवळून गेलो. एकानं तोंडातला गुटखा माझ्या पायाजवळ थुंकला. पूजानं माझा हात घट्ट धरला. मी चाल बदलली नाही. मॅडमना कळवलं आहे, पोलिसांनाही. पोलीस म्हणाले, गाडी उभी करणं गुन्हा नाही.

मला भीती वाटते. रोज वाटते.

पण आता मी घरोघर जातो. ज्या ज्या पोरींचं वय मी खोटं सांगितलं, त्या माहेरी आल्या की त्यांच्या दारात उभा राहतो आणि त्यांना त्यांचं वय सांगतो. काही शिव्या देतात. एकीनं दार लावून घेतलं. मी दाराबाहेरून सांगितलं.

पूजाला अठरावं लागायला अजून चार हंगाम आहेत. चारही हंगाम मी तिच्याबरोबर शाळेच्या वाटेनं चालणार. लिंबाखाली गाडी असली तरी, आणि गाडीवरचे खाली उतरले तरी.