किरकोळ नसलेलं कारण

मुळशी खोऱ्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा आम्हाला दोन प्रकारची रजा असायची. एक किरकोळ आणि दुसरी हक्काची. नाव हक्काची, पण ती मागायला गेलं की दहा वेळा हात जोडावे लागत.

आई भूगावला माझ्या भावाकडे राहायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी विधवा होऊन माघारी आले, तेव्हा सगळ्या भावकीशी वैर घेऊन तिनेच मला नर्सिंग शिकायला पुण्याला धाडलं. मग नोकरी लागली. "माझी लेक सरकारात हाय," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, जशी काही मी मंत्रीच झाले होते.

त्या सकाळी एसटीचा कंडक्टर भावाचा निरोप घेऊन दवाखान्यात आला. आईच्या छातीत कफ दाटला होता, आजचा दिवस निघणंही कठीण होतं, असशील तशी निघून ये, असा निरोप होता.

नेमके त्याच दिवशी पुण्याच्या ऑफिसातले हेडक्लार्क तपासणीला आले होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. आमचे डॉक्टर नुसती शिफारस करायचे, रजा मंजूर करणं भाऊसाहेबांच्या हातात. एरवी अर्ज पुण्याला जाऊन परत यायचा, आज तर ते समोरच बसलेले. मला देव पावल्यासारखं झालं. मी घाईघाईत किरकोळ रजेचा अर्ज खरडला आणि डॉक्टरांची सही घेऊन त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी चष्मा पुसून तो वाचला. मग शांतपणे विचारलं, "आई अत्यवस्थ आहे, हे किरकोळ कारण आहे का, बाई?"

माझं डोकंच भडकलं. "किरकोळ कसं असेल?" मी म्हटलं.

"मग मी किरकोळ रजा कशी मंजूर करू?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी त्यांच्या हसण्याची वाट बघत उभी राहिले. ते हसले नाहीत. उलट समजुतीच्या सुरात सांगू लागले, की गंभीर कारणाला हक्काची रजा असते, तिचा अर्ज महिनाभर आधी पुण्याला पोचायला हवा, आणि नियम काही त्यांनी केलेले नाहीत. महिनाभरापूर्वी आई अंगणात बसून शेंगा फोडत होती, असं मी म्हटलं तर त्यांनी मान हलवली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि त्यानेच मी जास्त हबकले. खडूस माणूस असता तर कडाकडा भांडता तरी आलं असतं. डॉक्टर उगीचच टेबलाचा खण उघडून आत बघत राहिले.

कंपाउंडरने मला बाजूला घेतलं. त्याला नुकतीच पिरंगुटला म्हैस बघायला जायला किरकोळ रजा मिळाली होती, एका शब्दाने कुणी विचारलं नव्हतं.

"म्हैसच लिवा, बाई," तो म्हणाला. अगदी कळवळून म्हणाला बिचारा.

मी नवा कागद पुढे ओढलासुद्धा. पण आईच्या जागी म्हैस लिहायला हात धजेना. मी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली, मलमपट्ट्या कंपाउंडरला बघायला सांगितल्या आणि सरळ रस्त्यावर येऊन एसटी धरली. दवाखान्यातून निघताना मागून भाऊसाहेब म्हणाले होते, की गैरहजेरी लागेल. ते काय बोलले हे मला गाडी निम्म्या वाटेवर आल्यावर कळलं, इतकी मी सुन्न झाले होते.

आई वाकळेवर निजली होती. तिचा श्वास ऐकला आणि मी काय ते समजले. तसे श्वास मी दवाखान्यात खूप ऐकले होते. सवयीने मी तिची नाडी धरली, तेव्हा तिने डोळे उघडले. मला ओळखलं. ती आता रडेल, जवळ घेईल, असं मला वाटलं होतं. ती घाबरली.

"रजा काढून आलीस न्हवं?"

मरणाच्या दारात पडलेल्या माझ्या आईलाही रजेचीच पडली होती.

"न्हाईतर जा माघारी," ती धापा टाकत म्हणाली. "माझ्यापायी नोकरी घालवू नगंस."

"काढलीया, आई. मंजूर हाय."

"किती दिस?"

"लागंल तितकी."

तिचा चेहरा निवळला. तिने मान वळवून भावाकडे बघितलं.

"बघ," ती म्हणाली, "सरकारला हिची लई कदर हाय."

त्यानंतर ती काही बोलली नाही. दिवे लागायच्या आत गेली.